नाव नसलेला बेस: आधी ओळख, मग दुरुस्ती

(या एपिसोडचं लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी.)

आजचा एपिसोड ऐकणार असाल तर एक विनंती. आधी इयरफोन लावा. कारण आजचा विषय आहे बेस गिटार, आणि मोबाइलच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. एवढा खालचा सूर काढायला मोबाइलचा तो इवलासा स्पीकर पुरत नाही. म्हणून तर कितीतरी जण म्हणतात, "बेस नेमकं करतो काय, तेच कळत नाही." इयरफोन लावून एखादं जुनं हिंदी गाणं ऐका, मग मधेच तो बेस नाही अशी कल्पना करा. गाण्याच्या पायाखालची जमीनच निघून जाईल.

मी संगीत शिकवत नाही. इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो आणि त्यासोबत इथे संभाजीनगरात वाद्यांची छोटी-मोठी दुरुस्ती करतो. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, अँप, गिटार. महिन्यातून एकदा तरी कुणाचा तरी मेसेज येतो. सोबत फोटो, आणि खाली दोनच प्रश्न. "दादा, ही कोणत्या कंपनीची? आणि किती येतील?" आज याच दोन प्रश्नांबद्दल बोलू. तिसरा प्रश्न मी जोडतो: वाजेल का?

थोडी पार्श्वभूमी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. बेस गिटार हे तसं तरुण वाद्य आहे. त्याआधी खालचे सूर वाजवायला माणसाच्या उंचीचा डबल बेस असायचा, उभा धरून वाजवायचा. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला. गिटारसारखा गळ्यात अडकवायचा, पट्ट्यांवर बोट ठेवायचं, सूर नेमका लागतो. तिथून हे वाद्य जगभर गेलं. आपल्याकडे मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात टोनी वाझ, चरणजित सिंग यांच्यासारख्या वादकांनी बेस वाजवला. मग गावोगावचे ऑर्केस्ट्रा आले, गायन पार्ट्या आल्या. त्यांनाही बेस हवा होता, फक्त परदेशी बेस परवडत नव्हता. १९९१ च्या आधी बाहेरून वाद्य आणायचं म्हणजे आयातीचे परवाने आणि वर जबर कस्टम ड्यूटी. त्यामुळे देशी बनावटीची वाद्यं चालायची. कोलकाता हे गिटार बनवण्याचं मोठं केंद्र, गिव्हसन तिथलीच. शिवाय छोट्या वर्कशॉपमध्ये बनलेल्या, नाव नसलेल्या गिटारीही असायच्या. आज मराठवाड्यात माळ्यावरून जो जुना बेस खाली येतो, तो बहुतेक वेळा असाच असतो.

असाच एक बेस गेल्या उन्हाळ्यात माझ्या टेबलावर आला. सिडकोतली एक मुलगी आणि तिची आई घेऊन आल्या. मुलीचा मामा गायन पार्टीत बेस वाजवायचा. मामा आता नाही. मुलीला बेस शिकायचाय आणि घरात कॉलेजची फी भरायचीय. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात. त्याआधी एका माणसाने बेस बघून सांगितलं होतं, "जपानी व्हिंटेज दिसतोय. मी घासून नवा रंग मारतो, वर कंपनीचं स्टिकर लावतो. पंचवीस हजाराला गिऱ्हाईक आणून देतो, निम्मे तुमचे." दुसऱ्या एकाने सांगितलं, भंगार आहे, पाचशे घ्या. ताई मला म्हणाल्या, "भाऊ, खरं काय ते सांगा. मग आम्ही ठरवू."

आता खरं सांगायचं तर आधी ओळखावं लागतं. ते कसं, ते क्रमाने सांगतो. तुमच्या घरी असा बेस असेल तर हेच करा.

सगळ्यात पहिलं काम, स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवायचा आणि मोबाइल घ्यायचा. फोटो काढा. पुढून, मागून, डोक्यावर, मान जिथे बॉडीला जुळते तिथे. प्रत्येक झाकण उघडण्याआधी एक आणि उघडल्यावर एक. वायर कुठे जाते ते परत आठवत नाही, फोटोला आठवतं.

दुसरं, टेप घ्या. वरच्या बाजूला जिथून तारा खाली येतात त्या पट्टीला नट म्हणतात. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ३४ इंच आलं तर तो पूर्ण लांबीचा बेस, फेंडरच्या मापाचा. ३० इंचांच्या आसपास आलं तर शॉर्ट स्केल. स्वस्त आणि विद्यार्थ्यांसाठीच्या बेसमध्ये हे छोटं माप खूप दिसतं. आमच्या टेबलावरचा ३० इंचांचा होता.

तिसरं, झाकण उघडून लाकडाची कड बघा. वरून रंग कसाही असो, आत कापलेल्या खाचेत लाकूड खोटं बोलत नाही. थरावर थर दिसले की प्लायवूड. सलग रेषा दिसल्या की अखंड लाकूड किंवा जोडलेल्या फळ्या. प्लायवूड म्हणजे टाकाऊ, असं नाही बरं का! फक्त ते बजेटचं वाद्य आहे एवढं कळतं.

चौथं, पॉट. म्हणजे वॉल्यूम आणि टोनची बटणं फिरवतो, त्याच्या आतला भाग. अमेरिकन बनावटीच्या पॉटच्या पाठीवर आकडे छापलेले असतात. उदाहरणार्थ १३७७४१२. यातले १३७ म्हणजे सीटीएस ही कंपनी, ७४ म्हणजे १९७४ साल, १२ म्हणजे बारावा आठवडा. पण लक्षात घ्या, पॉट १९७४ चा म्हणजे गिटार १९७४ ची असं होत नाही. गिटार त्याच्या आधीची नाही, एवढंच म्हणता येतं. तेही तो पॉट नंतर कुणी बदललेला नसेल तर.

पाचवं, नाव. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. डोक्यावरचं नाव हा सगळ्यात कच्चा पुरावा. स्टिकर ऑनलाइन मिळतं. आणि उलटही खरं आहे, १९६०-७० च्या दशकात जपानमधले तेच ते कारखाने वेगवेगळ्या दुकानांसाठी वेगवेगळ्या नावांनी गिटार बनवून द्यायचे. त्यामुळे नाव नाही म्हणजे लगेच "लपलेला खजिना" नाही, आणि नाव आहे म्हणजे खात्री नाही.

मग आमच्या बेसचं काय निघालं? ३० इंच. प्लायवूड. पॉटवर कुठलाही आकडा नाही. मानेच्या आत सळई सरळ करायचा नट कुठल्याच टोकाला नाही. 'जपान' असा शिक्का कुठेही नाही. जपानी म्हणायला एकही आधार मिळाला नाही. देशी बनावटीचा, साधा, विद्यार्थ्यांच्या लायकीचा बेस, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येत होतं. आहे त्या स्थितीत तीन-चार हजारांच्या वर त्याला कुणी देऊ नये, असं माझं मत मी ताईंना सांगितलं. पंचवीस हजाराचा बेस घासलेल्या लाकडात नव्हता, त्या स्टिकरमध्ये होता. म्हणजे ते पैसे आणखी कुणाच्या तरी पोराच्या खिशातून जाणार होते, तोही बिचारा शिकायलाच घेणार.

पण मी पिकअपखालची प्लेट काढली, तेव्हा आत लाकडावर पेन्सिलने लिहिलेलं दिसलं. "जॅक बदलला. २३-१-९४." कुठल्यातरी जुन्या मेकॅनिकने स्वतःच्या आठवणीसाठी लिहून ठेवलेलं. मी ते ताईंना दाखवलं. त्या थोडा वेळ गप्पच बसल्या. मग म्हणाल्या, "नामविस्तार झाला ना तेव्हा. त्या महिन्यात भाऊ घरी झोपायलाही येत नव्हता. रोज कुठेतरी कार्यक्रम."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव मिळालं. त्यामागे वर्षानुवर्षांचा लढा होता. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर गर्दी होते आणि भीमगीतांचे कार्यक्रम होतात. ते पहिलं वर्ष होतं. रोज रात्री केबल लाव, काढ, लाव, काढ. जॅक खराब होणारच की!

बघा, कंपनीचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. पण हा बेस उशिरात उशिरा जानेवारी १९९४ चा आहे, तो वापरात होता, आणि कुठल्या दिवसांत वापरात होता, हे कळलं. आणि कशावरून कळलं? दुरुस्तीवरून.

याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण सांगतो. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला एक हॉफनर बेस घेतला, व्हायोलिनच्या आकाराचा. किंमत साधारण ३० पाउंड. म्हणजे तोही बजेट बेसच! महागडा फेंडर त्याला परवडत नव्हता. त्याच बेसवर बीटल्सची सुरुवातीची गाणी वाजली. १९७२ मध्ये लंडनमध्ये एका व्हॅनमधून तो चोरीला गेला. पन्नासएक वर्षांनी शोधमोहीम निघाली आणि इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर तो सापडला. हॉफनर कंपनीने तपासून खात्री दिली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी जाहीर झाली. आता गंमत ऐका. त्या बेसला १९६४ मध्ये नवा रंग लागला होता आणि पिकअपना नवी लाकडी चौकट बसली होती. त्याच वर्षांतल्या दुसऱ्या हॉफनरपेक्षा तो वेगळा दिसतो, तो या दुरुस्तीमुळेच.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: दुरुस्तीसुद्धा वाद्याची ओळख असते. घासून गुळगुळीत करू नका. जुनी खूण पुसू नका. वाजेल एवढंच दुरुस्त करा, आणि जे केलं ते लिहून ठेवा.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. क्रम महत्त्वाचा आहे. आधी विजेचं, मग लाकडाचं, शेवटी सूर.

विजेचं काम. साधा मल्टिमीटर पुरतो. बेसला केबल लावा, वॉल्यूम फुल करा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला, टोक आणि दांडा यांच्यामध्ये ओहम मोजा. ५ ते १२ किलो ओहमच्या दरम्यान आलं तर पिकअप जिवंत आहे. शून्य आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. दोन-पाच लाख ओहम दाखवले तर पिकअपची तार तुटलीय, मीटर फक्त पॉट मोजतोय. आणि काहीच आलं नाही तर जॅककडची वायर सुटलीय. एक मिनिटाचं काम, आणि निम्मं निदान तिथेच होतं. आमच्या बेसवर ६.८ किलो ओहम आले. म्हणजे पिकअप ठणठणीत.

बटण फिरवताना खरखर येत असेल तर पॉट लगेच बदलू नका. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मारा आणि बटण वीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवा. निम्म्याहून जास्त वेळा तेवढ्यावर भागतं. ते नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे आयपीए असतं, त्यानेही काम होतं. सोल्डरिंग स्वतःला जमत नसेल तर तीच मंडळी करून देतील. मोबाइलच्या बोर्डावर केसाएवढ्या टाक्याचं काम करणाऱ्याला गिटारचा जॅक म्हणजे खेळ आहे.

घुंssग आवाज येत असेल तर तारांना हात लावा. आवाज कमी झाला तर ग्राउंडिंग ठीक आहे. तारांना लावून फरक नाही, पण जॅकच्या धातूला हात लावल्यावर आवाज थांबला, तर ब्रिजकडे जाणारी ग्राउंडची वायर तुटलीय. आमच्याकडे हेच होतं. ब्रिज उचलला, खाली वायर गंजून तुटलेली. नवी वायर, एक टाका, संपलं.

इथे जरा थांबून एक गंभीर गोष्ट. बेसच्या तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात, म्हणजे त्या अँपमार्फत थेट लाइटच्या अर्थिंगशी जोडल्या जातात. मंडपात सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून अँपच्या प्लगची तिसरी पिन तोडणारे महाभाग मी पाहिलेत. असं केलं आणि वायरिंगमध्ये दोष असला, तर एक हात तारेवर आणि ओठ माइकला लागले की जोरदार झटका बसू शकतो. जीवही जाऊ शकतो. तिसरी पिन तोडायची नाही. तोडलेली दिसली तर त्या अँपला बेस लावायचा नाही. कार्यक्रम थांबला तरी चालेल.

आता लाकूड. चार तारांचा मिळून मानेवर ७०-८० किलोच्या आसपास ताण असतो, पूर्ण लांबीच्या बेसवर. वर्षानुवर्षं माळ्यावर ताणलेला ठेवला तर मान पुढे वाकणारच. तपासायचं कसं? पहिल्या फ्रेटवर तार दाबा, दुसऱ्या हाताने शेवटच्या फ्रेटवर दाबा. आता तार म्हणजे सरळ पट्टी झाली. मधे, सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांच्यामध्ये साधारण व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट हवी, ०.३ मिलिमीटरच्या आसपास. जास्त असेल आणि तुमच्या बेसला ट्रस रॉड असेल, म्हणजे मानेतली सळई, तर बरोबर मापाच्या ॲलन कीने घड्याळाच्या दिशेने फक्त पाव फेरा द्या. मग थांबा. एक दिवस जाऊ द्या, परत बघा. जोर लावावा लागतोय असं वाटलं की हात काढा.

आमच्या बेसला सळईचा नटच नव्हता. मग दोन उपाय केले. एक, हलक्या तारा. शॉर्ट स्केलवर त्याच तारा त्याच सुराला लावल्या तर ताण पूर्ण लांबीपेक्षा सुमारे २२ टक्के कमीच असतो. त्यात तारा बारीक घेतल्या की मानेला आणखी आराम. दुसरा, शिम. मान काढली आणि मान बसते त्या खाचेत, ब्रिजकडच्या टोकाला, जाड कार्डाचा पातळ तुकडा ठेवला. मान किंचित मागे झुकते आणि तारा फ्रेटच्या जवळ येतात. खर्च शून्य.

मान परत बसवताना एका स्क्रूचे आटे गेलेले निघाले, स्क्रू नुसताच गोल फिरायचा. इथे कुठलीही फॅन्सी गोष्ट लागत नाही. काड्यापेटीतल्या दोन-तीन काड्यांची गुलं तोडा, काड्यांना फेव्हिकॉल लावा, भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या. सकाळी स्क्रू घट्ट बसतो. ब्रिजवरचा एक बारीक ग्रब स्क्रू हरवला होता, ३ मिलिमीटरचा. आपल्याकडे वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांमुळे असले मिलिमीटरचे स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात.

आता सूर. मोकळी तार ट्यूनरवर लावा, मोबाइलचं ॲप चालतं, पण केबल लावून घ्या. मग बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. चढा येत असेल तर ब्रिजवरचं सॅडल मागे सरकवा. उतरलेला येत असेल तर पुढे. एवढंच गणित आहे. आणि एखाद्या फ्रेटवर तार झणझणली तर ती खोड समजा. तंबोऱ्यात मिरजेचे कारागीर घोडीला जवारी काढून तीच झणझण मुद्दाम आणतात, तिथे ती सौंदर्य असते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, ते याच हातांच्या कौशल्याला. बेसमध्ये मात्र झणझण म्हणजे फ्रेट उचललाय किंवा तारा फार खाली आल्यात.

एक खास आपल्या हवेची गोष्ट. एप्रिल-मेमध्ये इथे हवा इतकी कोरडी होते की मानेचं लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं बाजूने बाहेर येऊन हाताला टोचतात. पावसाळ्यात तेच लाकूड परत फुगतं. म्हणून पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर आणि कूलरच्या समोर, या तीन जागी वाद्य ठेवू नका. कपाटात, कव्हरमध्ये, तारा थोड्या सैल करून ठेवा. फ्रेटबोर्डला खोबरेल तेल चोळू नका, ते नंतर चिकट होतं आणि वास मारतं.

आमच्या बेसचा एकूण खर्च किती आला? तारांचा सेट, वायर, जॅक, किरकोळ सामान धरून दोन हजारांच्या आत. त्यात सगळ्यात महाग तारा.

आणि निर्णय? तो माझा नव्हताच. स्टिकरवाल्याला ताईंनी फोनवर नाही सांगितलं. फीची सोय दोन हप्त्यांत करायचं ठरलं, सोपं नव्हतं, पण ठरलं. मुलगी आता त्याच बेसवर शिकतेय. प्लेट बंद करण्याआधी मी पेन्सिल तिच्या हातात दिली. जुन्या ओळीच्या खाली तिने काय काय बदललं ते आणि तारीख लिहिली. पुढच्या मेकॅनिकला उपयोग होईल.

तर मंडळी, तुमच्या घरी असा जुना बेस, गिटार, बुलबुल तरंग, काहीही असेल तर या आठवड्यात एकच करा. खाली काढा, पुसा, झाकण उघडून आतला फोटो काढा. विकायचं की ठेवायचं ते नंतर. आत काही लिहिलेलं सापडलं तर मला नक्की कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये बोलू हार्मोनियमच्या भात्याबद्दल, हवा कुठून गळते ते कसं शोधायचं. तोपर्यंत काळजी घ्या, आणि हो, ती तिसरी पिन तोडू नका!